माझं सामान कोण बघणार?

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी येते. तिथल्या स्टेशनाबाहेर पुलाच्या एका खांबाला टेकून एक बाई तीन-चार वर्षांपासून राहताना दिसतात. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांची जागा नेहमी झाडलेली असते, डालड्याच्या डब्यात तुळसही आहे. पहाटे फूलबाजारात गजरे करून देतात, म्हणजे काम करतात. मागच्या पावसाळ्यात न राहवून मी म्हटलं, "मावशी, महापालिकेचे निवारे असतात ना, तिथे का नाही जात?" त्या एवढंच म्हणाल्या, "आणि माझं सामान कोण बघणार?" सामान म्हणजे एक बोचकं, एक बादली आणि ती तुळस. आमच्या घरी यावर वाद झाला. मिस्टरांचं म्हणणं, या लोकांना मोकळ्यावर राहायची सवय झालेली असते. घर दिलं तरी भाड्याने लावून परत फुटपाथवर येतील. मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. माणसं बेघर होतात तरी कशी? गावी परत का जात नाहीत? आणि आपण काय करू शकतो?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मावशींनीच देऊन टाकलंय. आपण बेघर म्हटलं की डोक्यावर छप्पर नाही एवढंच डोळ्यांपुढे आणतो. ज्याला रस्त्यावर राहावं लागतं त्याला पावसाळा सोडला तर छपरापेक्षा दाराची उणीव जास्त जाणवते. दार म्हणजे कडी, कुलूप आणि आत ठेवलेली वस्तू संध्याकाळी तिथेच सापडेल याची खात्री.

त्या बोचक्यात काय असेल याचा अंदाज करा. दोन लुगडी, एक भांडं, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, सरकारी दवाखान्याचा केसपेपर. हे बगलेत मारून घरकामाला जाता येत नाही. दवाखान्याच्या रांगेत तीन तास उभं राहायचं तर ते कुणाच्या तरी भरवशावर टाकून जावं लागतं. आणि एखाद्या सकाळी महापालिकेची गाडी आली की बोचकं, बादली, तुळस सगळं गाडीत. कपडे पुन्हा मिळतात, कुणीतरी देतं. कागद मिळत नाहीत. कागद गेले की रेशन जातं, खात्यावरचे पैसे अडकतात, पेन्शनचा अर्ज परत येतो. म्हणजे माणूस बेघर झाल्यामुळे अडचणीत येतो आणि त्या अडचणींमुळेच बेघर राहतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण हसत वापरतो. विंचवाला निदान कुठल्या कार्यालयात रहिवासी दाखला मागत नाहीत.

आता आकडे. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या सिमेंटच्या पाइपांत, देवळाच्या आवारात, फलाटावर जे झोपलेले सापडले त्यांना बेघर धरलं. देशात 17 लाख 73 हजार, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर, बृहन्मुंबईत 57 हजारांच्या आसपास. आधीच्या दहा वर्षांत देशाचा एकूण आकडा थोडा उतरला होता, पण शहरांतला 7 लाख 78 हजारांवरून 9 लाख 38 हजारांवर चढला. एका रात्रीत, अंधारात, पोलिसांना घाबरून जागा बदलणाऱ्या माणसांची ही मोजणी. त्यामुळे आकडा कमीच धरायचा. 2021 ची जनगणना झालीच नाही, तेव्हा आजही आपण या जुन्या आकड्यांवरच बोलतो आहोत.

माणसं बेघर कशी होतात, या प्रश्नाला "गरिबीमुळे" हे उत्तर पुरत नाही. मुंबईत गरीब म्हणून आलेल्यांपैकी बहुतेक जण बेघर झाले नाहीत. का झाले नाहीत, ते पाहिलं तर जे झाले त्यांचं काय चुकलं हे कळतं.

गिरणगावातल्या चाळी आठवा. कोकणातून, घाटावरून आलेला गडी सरळ गावकीच्या खोलीवर उतरायचा. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. खोलीत सगळ्यांना पाठ टेकायला जागा नव्हतीच. कित्येक जण वर्षानुवर्षं गॅलरीत, गच्चीवर, चाळीसमोरच्या फुटपाथवर झोपले. पण प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक आत होती. पत्र खोलीच्या पत्त्यावर यायचं, जेवण खाणावळीत व्हायचं, आजारी पडला तर गाववाले केईएम रुग्णालयात न्यायचे आणि मेला तर वर्गणी काढून घरी कळवायचे. तो फुटपाथवर झोपत होता आणि तरीही बेघर नव्हता. गोव्याच्या माणसांनी हीच सोय अधिक नेटकी केली. धोबीतलाव, माझगाव या भागांतले त्यांचे 'कूड' म्हणजे गावागावाचे क्लब. बोटीवर काम करणारा खलाशी दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथे उतरायचा, नाममात्र भाडं, भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या आणि समोर गावच्या सायबाची, म्हणजे संताची, वेदी. काही कूड आजही चालू आहेत. ट्रंक आत, माणूस बाहेर: या शहराने लाखो लोकांना असं सामावून घेतलं आणि त्यात सरकारचा हात फारसा नव्हता.

बेघर होतो तो ज्याच्या मागे अशी खोली नसते, किंवा असलेली सुटते. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे. नवरा गेला, दिरांनी हिस्सा नाकारला, माहेरी भावजयीचं राज्य; बाई मुलांना घेऊन स्टेशनावर येते. नवरा मारतो म्हणून बाहेर पडलेलीचंही तेच. क्षयरोग झालेला वेटर हॉटेलातच झोपत होता; नोकरी गेली त्याच दिवशी झोपायची जागाही गेली. बांधकामावरचा बिगारी इमारत पूर्ण होईपर्यंत तिथेच पत्र्याखाली राहतो. इमारतीला रंग लागला की त्याचं घर मोडलं. यातला कुठलाही एक धक्का माणूस सोसतो. दोन-तीन एका मागोमाग बसले आणि हात द्यायला कुणी नसलं, की तो खाली येतो.

पारधी जमातीच्या लोकांचं मात्र वेगळं. त्यांचा कुठला आधार सुटलेला नाही, त्यांना तो मिळूच दिला गेला नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातींवर शिक्का मारला. 31 ऑगस्ट 1952 ला त्या 'विमुक्त' झाल्या, पण गावाच्या नजरेतून नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्याच्या पालावर. मुंबईच्या सिग्नलवर गजरे, झेंडे, लिंबूमिरची विकणाऱ्यांत कितीतरी कुटुंबं अशी आहेत, ज्यांची दुसरी-तिसरी पिढी फुटपाथवरच जन्मली. जन्माची नोंद नाही, म्हणून पुढचे दाखले नाहीत. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कुणी एका जागी राहू दिलं नाही, त्यांनी 1961 साली आपण कुठे राहत होतो हे कागदावर दाखवायचं!

गावी परत का जात नाहीत, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात आहे. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या फुटपाथवरच्या सगळ्या रहिवाशांना उठवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. अर्जदारांतला एक जण तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळात काम गेलं म्हणून 1961 मध्ये मुंबईला आला, दहिसरच्या एका रासायनिक कंपनीत रोजंदारीवर लागला. मजुरी 23 रुपये. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि ताडपत्रीचं खोपट मिळवायला एका दादाने त्याच्याकडून 2,500 रुपये उकळले. म्हणजे शंभराहून जास्त दिवसांची मजुरी, फुटपाथसाठी! 23 जुलै 1981 ला ते खोपट तोडलं आणि त्याला बायकापोरांसह सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो काम शोधत परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला. सेलमला घर असेलही, काम नव्हतं. मुंबईत काम होतं, घर नव्हतं. पोट असलेला माणूस यातलं काय निवडेल?

पाच न्यायाधीशांच्या पीठाने 10 जुलै 1985 ला निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यांनी मान्य केलं, आणि ते पुढे देशभर वापरलं गेलं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका, एवढीच लगेच मिळालेली सवलत. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी हा निकाल मैलाचा दगड आहे. ज्यांच्यासाठी हा खटला लढला गेला त्यांना पावणेचार महिनेही मिळाले नाहीत.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. तो अगदीच खोटा नाही. पुनर्वसनात मिळालेलं घर भाड्याने लावून परत आलेली माणसं आहेत. पण सवयीपोटी नव्हे. दादरच्या फूलबाजारात पहाटे तीनला हजर राहावं लागणाऱ्या बाईला शहराच्या पार टोकाला सातव्या मजल्यावर घर दिलं, तर त्या वेळी लोकल नाही आणि रिक्षाला दिवसाची कमाई जाईल. 1985 मध्ये स्पार्क या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फुटपाथवासींची पाहणी केली. माणसं कामाच्या जागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर झोपत होती. सवय म्हणायची तर ती कामावर वेळेत पोचण्याची.

त्याच भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी पुढे 'महिला मिलन' उभं केलं. रोज दोन-पाच रुपये बाजूला टाकून बचत, आणि आपलं घर कसं असावं याचा आराखडा स्वतःच. त्यांनी चौदा फूट उंचीची खोली मागितली, म्हणजे पोटमाळा निघतो आणि तेवढ्याच जागेत दोन पिढ्या मावतात. हे कुठल्या वास्तुविशारदाला सुचलं नव्हतं. मानखुर्दचं मिलननगर असं उभं राहिलं. दहा-पंधरा वर्षं फुटपाथवर काढलेल्या बायका हप्ते भरत होत्या. मिस्टरांना हे जरूर सांगा.

"मुंबईत तर लाखो घरं रिकामी आहेत" असंही कुणी म्हणेल. खरं आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरं रिकामी सापडली, देशातल्या शहरांत सर्वांत जास्त. एका बेघर माणसामागे आठ! पण या भागाकाराने फार हुरळून जाऊ नका. यातली अनेक घरं गुंतवणूक म्हणून घेतलेली आहेत, आणि बरीचशी भाडेकरू कायमचा बसेल या भीतीने कुलपात आहेत. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, तेव्हापासून या शहरात घरमालक भाडेकरूला घाबरतो. तरीही एक गोष्ट यातून नक्की निघते. गरीब माणसाला परवडेल अशी भाड्याची खोली आपल्या शहरांतून जवळपास नाहीशी झाली आहे. आपलं सगळं धोरण मालकीच्या घराभोवती फिरतं. कालच गाडीतून उतरलेल्या माणसाला मालकीचं घर नको असतं. एक कॉट, एक कुलूपबंद कप्पा आणि महिना जमेल एवढं भाडं हवं असतं. गावकीच्या खोलीने हेच दिलं होतं. बॅचलर कामगारांची, एकट्या बायकांची स्वस्त वसतिगृहं बाजाराजवळ आणि स्टेशनाजवळ बांधणं, हे माझ्या मते या प्रश्नावरचं पहिलं काम आहे. घोषणेला ते फारसं शोभत नाही, म्हणून होत नाही.

निवाऱ्यांचं विचारलंत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये आदेश दिला की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो चोवीस तास उघडा हवा. पुढे केंद्राच्या योजनेत माणशी किमान 50 चौरस फूट जागेचा निकष आला. मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख धरली तर सव्वाशेच्या घरात निवारे व्हायला हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही. जे आहेत त्यांतले बरेच मुलांसाठी. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. नवरा-बायको-पोरं एकत्र राहतील असे अगदी विरळा. म्हणजे निवाऱ्यात जायचं तर आधी कुटुंब मोडायचं आणि सामान टाकून द्यायचं. मावशी गेल्या नाहीत यात नवल ते काय!

आणि कायद्याने या माणसांना आणखी एक भीती दिली आहे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, 1959. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो आहे, एवढ्यावर माणूस त्याच्या व्याख्येत बसू शकतो. वॉरंटशिवाय धरता येतं, भिक्षेकरी गृहात वर्षभर आणि त्याहून जास्त ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये यातली मुख्य कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. मुंबईच्या नावाने आलेला हा कायदा महाराष्ट्रात मात्र अजून उभा आहे. त्यामुळे पांढरी गाडी दिसली की फुटपाथवरची माणसं पांगतात, मग ती गाडी मदतीची का असेना.

बाहेर कुणी वेगळं करून पाहिलंय का? फिनलंडने. तिथे 1987 मध्ये 18 हजारांवर बेघर होते, 2022 मध्ये 4 हजारांहून कमी. हेलसिंकीतलं अडीचशे कॉटचं एक जुनं आश्रयगृह मोडून त्यात सुमारे 80 स्वतंत्र घरं केली. आधी दारू सोड, नोकरी धर, मग घर, ही अट काढून टाकली. आधी भाडेकरार आणि किल्ली, बाकीचं नंतर. जशीच्या तशी ही नक्कल आपल्याला झेपणार नाही, मागे भाडं भरायला मदत करणारं सरकार लागतं. पण सुरुवात किल्लीने करायची, ही गोष्ट उचलण्यासारखी आहे.

याच विषयावर आलेल्या दोन छोट्या पत्रांना इथेच उत्तर देतो.

प्रश्न : भीक मागणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही? — एक वाचक, सातारा

उत्तर : मोठ्या माणसाला द्यावेसे वाटले तर द्या, त्याचं तो काय करतो याचा हिशेब मागू नका. लहान मुलाच्या हातात मात्र देऊ नका. मूल एकटं, संकटात दिसलं तर 1098 ला फोन करा. आणि एक सुचवतो. परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबं रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर महिनोन्‌महिने काढतात. बुलढाण्याचे एक गृहस्थ मला तिथे भेटले होते. फाइल भिजू नये म्हणून दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून उशाला घेऊन झोपायचे. ही माणसं गावी शेतकरी आहेत, भिकारी नाहीत. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशा रुग्णांसाठीच चालते. बाबांनी देवळं न बांधता जागोजागी धर्मशाळा बांधल्या आणि त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा देणं आहे, ते उगाच नव्हे. सुटे पैसे वाटण्यापेक्षा वर्षाकाठी अशा ठिकाणी एक पावती फाडा.

प्रश्न : आमच्या एसटी स्टँडवर एक वेडसर तरुण महिनाभर बसून असतो. अंगावर चिंध्या, कुणाशी बोलत नाही. काय करावं? — एक वाचक, बार्शी

उत्तर : पोलीस ठाण्यात कळवा, आणि टाळाटाळ झाली तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधल्या कलम 100 चं नाव घ्या. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा माणसाला संरक्षण देऊन आरोग्य केंद्रात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे, उपकार नाही. सल्ल्यासाठी 14416 ही सरकारी हेल्पलाइन आहे. हा तरुण बहुधा कुणाच्या तरी घरून हरवलेला आहे. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. रस्त्यावरचे असे रुग्ण उचलायचे, औषधोपचाराने भानावर आले की गावाचं नाव विचारायचं आणि घरी नेऊन सोडायचं. अशी हजारो माणसं त्यांनी पोचवली आहेत. नगरजवळ शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळतात. तरुणाला खायला द्या, त्याच्या शेजारी बसून नाव विचारत राहा. कधीतरी सांगतो.

आता पुन्हा डोंबिवलीच्या ताईंकडे. मावशींसाठी तुम्ही काय करू शकता? दोन गोष्टी. पहिली, त्यांचे कागद एकदा नीट बघा, फोटो काढून तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलीत घालून तुमच्या कार्यालयातल्या कपाटात ठेवता येतील का ते पाहा. अर्थात त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला तर. न टाकला तर वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी, त्यांचं नाव मतदार यादीत आहे का ते विचारा. नसेल तर नमुना क्रमांक 6 भरून द्या. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसला तरी नाव नोंदता येतं. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे अशा वेळी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन, माणूस तिथे खरोखर झोपतो का हे पाहायचं असतं, आणि तेही एकाहून जास्त रात्री. नमुना मराठीत मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.